सगळ्याच ‘हो’ म्हणाल्या, आता काय करू?

पत्र

ताई, मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात पीएच.डी.चं काम करते आहे. गरोदर बायका लोहाच्या गोळ्या घेतात का, आणि समुपदेशनाने त्यात फरक पडतो का, हा विषय. निम्म्या गावांत आम्ही बायकांना एकत्र बसवून समुपदेशन केलं, निम्म्या गावांत केलं नाही. मग दोन्हीकडे प्रश्नावली भरून घेतली. घरं दाखवायला गावातल्या आशाताई बरोबर असायच्या. ‘तुम्ही लोहाच्या गोळ्या नियमित घेता का?’ या प्रश्नाला जवळपास सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं, समुपदेशनाच्या गावांत जरा जास्तच. मला आनंद झाला होता. पण एका घरी काम संपल्यावर चहाला थांबले, तर मांडणीवर डब्यांच्या मागे न फोडलेल्या स्ट्रिपा रबर लावून ठेवलेल्या दिसल्या. त्या बाईंनी नुकतंच मला ‘रोज घेते’ सांगितलं होतं. मार्गदर्शक म्हणतात, नमुना वाढव. दुसऱ्या एका सरांनी हार्मनची चाचणी आणि सोशल डिझायरेबिलिटीचं स्केल सुचवलं. मैत्रीण म्हणते, खेड्यातल्या बायका खोटंच सांगतात. दुसरी फेरी दोन महिन्यांनी आहे. पहिल्या फेरीची माहिती फेकून देऊ का?

– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर

फेकून मुळीच देऊ नका. आणि मैत्रिणीचं ते वाक्य आधी डोक्यातून काढून टाका, कारण ते मनात ठेवून दुसरी फेरी केलीत तर तीही वाकडी जाईल. त्या बाई तुम्हाला फसवायला बसल्या नव्हत्या. तुम्ही विचारलंत तो प्रसंग जरा त्यांच्या बाजूने बघा. समोर तालुक्याहून आलेली शिकलेली बाई, हातात फॉर्म. शेजारी आशाताई, ज्यांनी स्वतः त्या गोळ्या घरी आणून दिल्या. ओसरीवर सासूबाई डाळ निवडत बसलेल्या, कान इकडे. अशा वेळी ‘नाही घेत’ म्हटलं की आशाताईंचं काम कच्चं ठरतं, सासूला बोलायला निमित्त मिळतं आणि पाहुणीचा हिरमोड होतो. ‘हो’ म्हटलं की विषय संपतो. तुम्ही आणि मीही त्या जागी ‘हो’च म्हटलं असतं.

तुमच्या फॉर्मवर या ‘हो’ची नोंद ‘गोळ्या घेते’ अशी झाली आहे. खरं तर आशाताईंच्या आणि सासूच्या देखत असा प्रश्न आल्यावर ही बाई हो म्हणाली, एवढीच ती नोंद आहे. ही माहिती निरुपयोगी नाही, पण तिला तिच्या खऱ्या नावाने ओळखायला हवं.

या एका ‘हो’मध्ये निदान चार गोष्टी मिसळल्या आहेत. चांगलं दिसेल ते सांगण्याची ओढ, म्हणजे सामाजिक इष्टता (सोशल डिझायरेबिलिटी). प्रश्न कसाही असो, होकार देऊन मोकळं व्हायची सवय. आलेल्या माणसाचा मान राखणं. आणि आठवणीचा घोळ. त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, कारण प्रत्येकीवर उपाय निराळा आहे. पहिलीवर एकांत, दुसरीवर प्रश्नाची भाषा, तिसरीवर विचारणारं माणूस बदलणं, चौथीवर आठवणीची मुदत आखूड करणं. एकच मलम सगळ्यांवर लावायला गेलात तर काहीच बरं होणार नाही.

‘जवळपास सगळ्या’ हाच आकडा मुळात शंका घेण्यासारखा आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत गरोदरपणी १०० किंवा जास्त दिवस लोहाच्या गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या माता देशभरात सुमारे ४४ टक्के होत्या, आणि १८० दिवस घेतल्याचं सांगणाऱ्या सुमारे २६ टक्के. हेही बायकांनी स्वतः सांगितलेलंच आहे, त्यामुळे खरा आकडा याहून खालीही असू शकतो. त्याच पाहणीत गरोदर बायकांपैकी सुमारे ५२ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. तुमच्या तालुक्यात एकदम सगळ्या बायका गोळ्या घेऊ लागल्या असतील, तर ती फार मोठी बातमी आहे, आणि मोठ्या बातमीला पुरावाही तसाच लागतो.

आता मार्गदर्शकांचं म्हणणं. नमुना वाढवून हा प्रश्न सुटत नाही. तराजूला पासंग असेल तर दहा किलोच्या जागी शंभर किलो तोला, पासंग तेवढाच राहतो. माणसामाणसाच्या उत्तरातली इकडची-तिकडची चूक मोठ्या नमुन्यात एकमेकींना खाऊन टाकते. पण सगळी चूक एकाच दिशेला झुकली असेल तर नमुना वाढल्याने एवढंच होतं की चुकीच्या आकड्याभोवतीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असेल असं आपण धरतो तो पट्टा, अरुंद होतो, आणि तो चुकीचा आकडा आपण जास्त ठामपणे मांडतो.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली ओळ मात्र दुसरीच आहे: ‘समुपदेशनाच्या गावांत जरा जास्तच’. दोन्हीकडच्या बायका सारख्याच प्रमाणात वाढवून सांगत असत्या तर पातळी चुकली असती, पण तुलना काही प्रमाणात तरी टिकली असती. चूक स्वैर असेल तर दोन गोष्टींमधला संबंध आहे त्यापेक्षा फिका दिसतो, हे मानसशास्त्रज्ञ स्पिअरमनने १९०४ मध्येच दाखवलं आहे, आणि फिक्या निष्कर्षाने फारसं नुकसान होत नाही. पण तुमच्याकडे काय झालं? समुपदेशनात तुम्ही बायकांना गोळ्यांचं महत्त्व सांगितलंत. म्हणजे बरोबर उत्तर कोणतं, हेही शिकवलंत. त्यानंतर त्यांनाच जाऊन विचारलंत. गोळी घेण्यात काहीही फरक पडला नसेल, तरी ‘हो’ म्हणण्यात फरक पडणारच. समुपदेशनाचा परिणाम म्हणून जो आकडा दिसतो आहे, त्यातला काही भाग, कदाचित बराच भाग, उत्तर शिकवल्याचा परिणाम असेल.

हे मी हवेत बोलत नाही. शौचालयांच्या बाबतीत आपल्याच देशात हे तपासलं गेलं आहे. २०१८ मध्ये चार राज्यांच्या ग्रामीण भागात, शौचालय असलेल्या घरांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला सरकारी पाहणीत असतो तसा साऱ्या घराबद्दल एकच प्रश्न विचारला. दुसऱ्या गटाला घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल वेगवेगळं विचारलं, की हा शौचालयात जातो की उघड्यावर. दुसऱ्या पद्धतीने उघड्यावर जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्के-अंकांनी जास्त निघालं. आणि ज्या घरांना शौचालय बांधायला मदत मिळाली होती, तिथे हीच तफावत सुमारे २८ अंकांची होती. मदत मिळालेल्या घरांत एका प्रश्नामागे जास्त झाकलं गेलं. तुमची समुपदेशनाची गावं म्हणजे ही मदत मिळालेली घरं आहेत.

दुसऱ्या सरांनी सुचवलेल्या दोन गोष्टींवर फार वेळ घालवू नका. हार्मनची एक-घटक चाचणी लोक सवयीने लावतात, कारण ती सोपी आहे आणि परीक्षकाला दाखवता येते. एकाच प्रश्नावलीतून, एकाच माणसाकडून अनेक संकल्पना मोजल्या की त्यांच्यात जो उसना संबंध तयार होतो, तो शोधण्यासाठी ती वापरतात. आणि तिथेही ती दोष काढून टाकत नाही, हे पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या आढाव्यात स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या ‘हो’चं दुखणं तिच्या आवाक्यातलं नाही. स्केलचं म्हणाल, तर क्राउन आणि मार्लो यांनी १९६० मध्ये अमेरिकेत तयार केलेली ती खरं-खोटं पद्धतीची ३३ विधानं आहेत. शब्दाला शब्द लावून ती मराठीत आणलीत आणि आठव्या महिन्यातल्या बाईपुढे ओसरीवर वाचलीत, तर तिची पाठ दुखायला लागेल आणि तुम्हाला जे मिळेल त्याचा अर्थ कुणालाच लावता येणार नाही. शिवाय नम्रपणे ‘हो’ म्हणणं हा तिचा स्वभावदोष नाही, त्या प्रसंगाची ती गरज होती. तेव्हा बाईला मोजण्यापेक्षा प्रसंग बदला.

दुसरी फेरी अजून हातात आहे, हे तुमचं भाग्य. सुरुवात प्रश्नापासून करू. ‘तुम्ही लोहाच्या गोळ्या नियमित घेता का?’ यात ‘नियमित’ म्हणजे काय, हे बाईने ठरवायचं. आठवड्यातून चार घेणारीही प्रामाणिकपणे नियमित म्हणेल. ‘लोहाच्या’ म्हटल्यावर काहींना कळतं, काही रक्तवाढीच्या म्हणतात, काही नुसत्या लाल गोळ्या, आणि कॅल्शियमची गोळीही त्याच पिशवीत असते. वर ‘घेता का’ असं विचारलं की होकाराचं दार उघडंच असतं. त्याऐवजी असं काही करून बघा. आधी दोन्ही गोळ्या तळहातावर ठेवून दाखवा: ‘यातली कुठली तुम्हाला मिळाली?’ मग, ‘मागच्या वेळी कधी मिळाल्या? किती?’ मग, ‘बऱ्याच जणींच्या या गोळ्या मधूनमधून राहतात. कुणाला मळमळतं, कुणाला घट्ट होतं, कुणी कामात विसरतं. काही जणी रोजही घेतात. तुमचं कसं चाललंय?’ आणि शेवटी, ‘काल घेतली होती? परवा? त्याच्या आदल्या दिवशी?’

या शब्दांत न घेणं सांगायला जागा आहे, आणि रोज घेणारीलाही जागा आहे. ‘काही जणी रोजही घेतात’ हे वाक्य गाळू नका. नुसत्याच अडचणींचा पाढा वाचलात तर आता दुसऱ्या बाजूला कलाल, आणि व्यवस्थित गोळ्या घेणारी बाईही तुमचं मन राखायला ‘राहतात कधीकधी’ म्हणेल.

पर्याय वाचून दाखवायचे असतील तर त्यांचीही धास्ती घ्या. १९८५ मध्ये श्वार्त्स आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत लोकांना रोज किती वेळ टीव्ही बघता, असं विचारलं. एका गटापुढचे पर्याय अर्ध्या तासापासून सुरू होऊन ‘अडीच तासांहून जास्त’ इथे संपत होते, दुसऱ्या गटापुढचे अडीच तासांपासूनच सुरू होत होते. अडीच तासांहून जास्त बघतो म्हणणारे पहिल्या गटात १६.२ टक्के निघाले, दुसऱ्यात ३७.५. लोक पर्यायांच्या मधोमध ‘सर्वसाधारण माणूस’ उभा आहे असं धरतात आणि स्वतःला त्याच्या जवळ बसवतात. म्हणून शक्य तिथे आकडा मोकळा विचारा, आणि प्रश्नावलीत गोळ्यांचं महत्त्व आणि माहिती विचारणारे प्रश्न सगळ्यात शेवटी टाका. आधी ‘लोहाच्या गोळ्यांचे फायदे सांगा’ विचारून मग ‘घेता का’ विचारणं म्हणजे समुपदेशनाची उजळणी करून परीक्षा घेणं.

आठवणीच्या मुदतीबद्दल आपल्या देशाचा अनुभव जगाला शिकवण्याइतका मोठा आहे. घराघरांतला खर्च विचारणाऱ्या सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या सुरुवातीच्या काळातच संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस आणि सेन यांनी आठवडाभराचा खर्च विचारायचा की महिन्याभराचा, हे तपासून बघितलं होतं, आणि दोन्ही मुदतींची उत्तरं जुळत नव्हती. पुढे १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत अन्नाचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा शेजारीशेजारी विचारला. दारिद्र्याचा आकडा १९९३-९४ च्या सुमारे ३६ टक्क्यांवरून सुमारे २६ वर आल्याचं दिसलं, आणि त्यातली किती घट खरी आणि किती प्रश्नाची मांडणी बदलल्याने आली, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. एका रकान्याने देशाच्या गरिबीचं चित्र हलतं, तर तुमच्या प्रबंधाचं का हलणार नाही?

बाळंत झालेल्या बायकांना सगळ्या गरोदरपणाचा हिशेब विचारू नका. ‘एकूण किती गोळ्या घेतल्या’ याला ३०, ६०, १०० अशी गोल उत्तरं येतात. आज रात्रीच पहिल्या फेरीची फाइल उघडा आणि या प्रश्नाची उत्तरं किती वेळा शून्यावर संपतात ते मोजा. निम्म्याहून अधिक तशी असतील, तर त्या बायका आठवून सांगत नव्हत्या, अंदाज करत होत्या. मागचं विचारावंच लागलं तर त्यांच्या स्वतःच्या खुणा वापरा: ओटीभरण झालं तेव्हा, माहेरी गेलात तेव्हा, पोळ्याच्या आधी की नंतर. आणि माहेराकडे खास लक्ष द्या. पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, गोळ्या तिथल्या उपकेंद्रातून मिळतात, सासरच्या नोंदवहीत त्या नसतात. सासरी उरलेली स्ट्रिप बघून ‘घेतल्या नाहीत’ असा शिक्का मारणंही तितकंच चुकीचं ठरेल. तुम्ही मांडणीवर बघितलेल्या स्ट्रिपांबाबतही ही शक्यता मोकळी ठेवा. त्या बाईकडे आधीच्या खेपेच्या, खाजगी डॉक्टरच्या किंवा जावेच्या गोळ्या असू शकतात.

विचारणारं माणूस बदला, हे सगळ्यात जड आणि सगळ्यात गरजेचं. समुपदेशन करणाऱ्या मुलीने प्रश्नावली भरायची नाही. कोणत्या गावात समुपदेशन झालं, हे मुलाखत घेणाऱ्यांना शक्य तोवर कळू देऊ नका. आशाताईंनी घर दाखवावं आणि पुढच्या घरी जावं. त्यांना हे आधी मानाने समजावून सांगा, नाहीतर आपल्यावर अविश्वास दाखवला असं वाटून त्या दुखावतील, आणि त्यांच्याशिवाय तुमचं पान हलणार नाही. सासूबाईंसाठी दोघींची जोडी पाठवा. एक सासूशी बोलते, घरातल्या आजारपणाचे खरोखर उपयोगी पडणारे प्रश्न विचारते, दुसरी सुनेशी आत बोलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरगुती हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, आणि एकांत मिळाला तरच विचारतात. एकांत नसेल तर तो भाग सोडून देतात. तुमचा विषय तितका धोक्याचा नाही, पण मुलाखतीच्या वेळी कोण कोण हजर होतं, हा एक रकाना फॉर्ममध्ये घालाच.

नाजूक विषयांसाठी आणखी एक वाट आहे, तीही सांगून ठेवते. वॉर्नरने १९६५ मध्ये सुचवलेली यादृच्छिक उत्तराची पद्धत: बाई फासा किंवा चकती फिरवते, कोणत्या विधानाला उत्तर द्यायचं हे तिलाच दिसतं, विचारणारीला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकू येतं. एकट्या बाईबद्दल काही कळत नाही, गटाचं प्रमाण मात्र हिशेबाने काढता येतं. गर्भपात, लाच, मारहाण अशा ठिकाणी ती मोलाची आहे. पण तिला मोठा नमुना लागतो, समजावून सांगायला वेळ जातो, आणि ‘ही कसली सोंगटी’ म्हणून घरात संशय येतो. गोळ्यांसाठी ती नको, कारण तुमच्याकडे स्ट्रिप आहे.

आणि स्ट्रिप मोजणं हाच तुमच्या दुसऱ्या फेरीचा कणा असू दे. सगळ्यांची मोजू नका, झेपणार नाही. दोन्ही प्रकारच्या गावांतून चिठ्ठ्या टाकून काही घरं निवडा आणि तिथे न कळवता जा. न कळवता म्हणजे परवानगीशिवाय नव्हे: ‘आम्ही पुन्हा एखादे दिवशी येऊ, गोळ्या बघू, चालेल ना?’ ही संमती पहिल्याच भेटीत घ्या. माता-बाल संरक्षण कार्डावर गोळ्या कधी आणि किती दिल्या ते बघा. १ तारखेला ३० मिळाल्या, त्याच दिवशी सुरू केल्या आणि आज १६ तारीख, तर आजची गोळी घ्यायच्या आधी १५ उरायला हव्यात. २६ उरल्या असतील तर काय झालं, ते बोलतं करा, पण पकडल्यासारखं नको. जोडीला एक साधा प्रश्न सगळ्यांना विचारा, गोळ्या सुरू केल्यावर शौचाचा रंग बदलला का. लोहाने तो काळपट होतो, आणि या प्रश्नाचं ‘चांगलं’ उत्तर कोणतं, हे बहुतेकींना ठाऊक नसतं.

एवढं करूनही हे खरं-खोटं ठरवणारं यंत्र समजू नका. रिकामी स्ट्रिप म्हणजे गोळी पोटात गेली असं नाही, उकिरड्यावरही जाते. हिमोग्लोबिन तर त्याहून फसवं: गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं म्हणून ते तसंही उतरतं, शिवाय बी-१२ ची कमतरता, जंत, आधीचा रक्तस्राव, बोटातून रक्त घेताना झालेली चूक. तीन अपुऱ्या मोजमापांचा एकमेकांशी मेळ घालणं, एवढंच आपल्या हातात आहे.

त्या मेळातून हिशेब कसा निघतो ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगते. समजा खरंच गोळ्या घेणाऱ्यांपैकी ९५ टक्के जणी दोन्हीकडे ‘हो’ म्हणतात. न घेणाऱ्यांपैकी मात्र समुपदेशनाच्या गावांत निम्म्या ‘हो’ म्हणतात, इतर गावांत ३० टक्के. प्रश्नावलीत समुपदेशनाच्या गावांत ८० टक्के ‘हो’ आले, इतरत्र ७०. दहा अंकांचा फरक, प्रबंधासाठी झकास. आता उलटा हिशेब करा. पहिल्या गावांत ८० मधून ५० वजा करा, उरतात ३०; त्याला ९५ वजा ५० म्हणजे ४५ ने भागा, खरं प्रमाण सुमारे ६७ टक्के. दुसरीकडे ७० वजा ३० म्हणजे ४०, भागिले ६५, सुमारे ६२ टक्के. दहाचा फरक पाचवर आला. रोगन आणि ग्लॅडन यांनी १९७८ मध्ये मांडलेली दुरुस्ती ती हीच. फक्त घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांपैकी किती जणी ‘हो’ म्हणतात, ही टक्केवारी स्ट्रिप मोजलेल्या घरांवरून, दोन्ही प्रकारच्या गावांतून वेगवेगळी काढायला हवी. दोन्हींची एकत्र सरासरी वापरलीत तर ज्या दोषासाठी हा खटाटोप, तोच तसाच राहील. आणि या दुरुस्तीने कॉन्फिडन्स इंटरव्हल रुंदावेल. मार्गदर्शक नाक मुरडतील. रुंदावू द्या, ती रुंदी खरी आहे.

पहिल्या फेरीचं काय करायचं? प्रबंधात त्या रकान्याचं नाव बदला. ‘गोळ्यांचं सेवन’ काढून ‘सांगितलेलं सेवन’ लिहा, तक्त्यातही आणि मथळ्यातही. मुलाखतीच्या वेळी आशाताई कोणत्या घरांत थांबल्या होत्या, हे मुलाखत घेणाऱ्या मुलींना आत्ताच विचारून नोंदवा. महिन्याने त्यांनाही आठवणार नाही. त्या असताना आणि नसताना ‘हो’चं प्रमाण किती वेगळं आहे, ते बघा. दोष कोणत्या दिशेला आहे आणि समुपदेशनाच्या गावांत तो जास्त का असू शकतो, हे मर्यादांच्या शेवटच्या परिच्छेदात दडवू नका, निकालाच्या तक्त्याखालीच लिहा. ‘उत्तरांमध्ये पूर्वग्रह असू शकतो’ हे वाक्य सगळेच लिहितात. त्यातून वाचणाऱ्याला काही मिळत नाही. ‘आमचा फरक खऱ्यापेक्षा मोठा दिसण्याची शक्यता आहे’ असं लिहा.

हे सगळं तुम्हाला इतक्या पोटतिडकीने सांगते आहे, कारण तुमचा आकडा कपाटात राहणार नाही. ‘जवळपास सगळ्या गोळ्या घेतात’ असा निष्कर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बैठकीत वाचला गेला तर तिथले लोक रास्तपणे म्हणतील, की गोळ्या पोहोचतात, बायका घेतात, मग रक्तक्षयाचं कारण दुसरीकडे शोधू. आणि सकाळी उठल्यावर मळमळते म्हणून गोळी बाजूला ठेवणाऱ्या, बाळ मोठं होऊन बाळंतपण जड जाईल म्हणून घाबरणाऱ्या बाईला कुणी विचारणारच नाही. तिला रात्री जेवल्यावर घ्या, चहाबरोबर आणि कॅल्शियमबरोबर घेऊ नका, घट्ट होत असेल तर सिस्टरना सांगा, एवढं कुणी निवांत बोललं असतं तरी कदाचित फरक पडला असता. मुलाखत संपल्यावर, फॉर्म मिटल्यावर, हे बोलायची मुभा तुमच्या मुलींना जरूर द्या. फक्त दोन्ही प्रकारच्या गावांत सारखीच, आणि तेही सगळी मोजणी उरकल्यावरच.

कोणत्या घरात किती गोळ्या उरल्या, हे आशाताईंना, उपकेंद्राला किंवा सासूला कळता कामा नये. गावाचं नाव आणि घर क्रमांक वेगळ्या कागदावर ठेवा, मोजणीची पानं वेगळी. आणि प्रश्न बदलले, स्ट्रिप मोजायची ठरली, दुसरी अचानक भेट आली, म्हणजे तुमच्या संशोधनाचा आराखडा बदलला. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता पुन्हा घ्यावी लागेल. समित्यांच्या बैठका लवकर होत नाहीत, तेव्हा बदललेली प्रश्नावली आणि संमतीपत्र याच आठवड्यात मार्गदर्शकांपुढे ठेवा. अर्ज मंजूर होईपर्यंतच्या वेळात नवे प्रश्न नमुन्यात नसलेल्या एखाद्या गावातल्या ओळखीच्या आठ-दहा बायकांशी बोलून बघा, आणि त्या काय उत्तर देतात यापेक्षा कोणत्या शब्दाला थांबतात, कुठे सासूकडे बघतात, ते टिपून ठेवा.